मागच्या चाकाची वायर

"पुन्हा तोच दिवा?" मिस्त्रीने विचारलं.

"पुन्हा तोच, बाबा." मुलगी गाडीतून उतरली आणि गॅरेजमधल्या स्टुलावर बसली.

चाक घसरायला लागलं की गाडीने आपणहून सावरावं, अशी ती सोय. डॅशबोर्डवरचा दिवा पेटला म्हणजे सोय बंद. मिस्त्रीने स्कॅनर लावला. मागचं डावं चाक, सेन्सर गप्प. मागे दोनदा हेच झालं होतं, आणि दोन्ही वेळा वायर तुटलेली निघाली होती.

गाडी जॅकवर चढवून तो खाली सरकला. वायर दिसली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, कापलीये ही कुणीतरी!"

"उंदीर असेल."

"उंदराला पक्कड कुणी दिली? सरळ काप आहे. जावईबापूंशी वाकडं आहे का कुणाचं?"

"नाही हो. तुम्ही नुसती जोडून द्या ना."

नुसती जोडून द्या म्हणे! एकुलती एक पोर, ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरली तर? कोण मेला गाडीखाली शिरतो, आणि घरच्या माणसाला पत्ता नाही! जावई कसला, नुसता शोभेचा. तोंडातल्या तोंडात शिव्या घालत मिस्त्रीने नवी वायर टाकली, ती लोखंडी नळीतून नेली आणि नळी पट्ट्यांनी आवळून बसवली.

मुलगी स्टूल ओढून जवळ आली. "सावकाश करा, मला घाई नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "बाबा, एक सांगायचं होतं."

"आधी हे होऊ दे गं. लक्ष लागत नाही."

तिने स्टूल मागे सरकवलं. तिचा फोन मात्र सारखा वाजत होता. शेवटी मिस्त्रीनेच हात पुसून तो उचलला.

"जावईबापू, झालं बरं का काम! आता कुणाचा बाप आला तरी ही वायर कापू शकत नाही. पोरीला परत हेलपाटा नको."

"छान झालं," जावई शांतपणे म्हणाला. "लगेच पाठवा तिला."

मिस्त्री खुशीत वळला. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वायर मीच कापायचे, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्या कशासाठी तो मला घराबाहेर सोडत नाही."