शर्मिष्ठाचे हात

मह्या तोंडात उरलेल्या चार दातांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असन तं चारही दात आत्ताच्या आत्ता गळून पडोत!

अभनपूरजवळच्या गावातली शाळा. बारावीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. रायपूर तेव्हा नवंनवं राजधानी झालेलं, अन् तिथल्या शंकरनगरहून आलेले परीक्षक स्वतःच राजधानी असल्यावानी खुर्चीत बसलेले.

शर्मिष्ठा टेबलापुढं उभी, दोन्ही हात काखेत दाबून. बाहेर काढले का कापत. कापत म्हणजे असे, का कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या अन् भिंतीवरची पाल पटकन खाली पडली. पडली तशी उठली अन् दारातून पळाली.

शर्मिष्ठानं दाराकडं पाह्यलं. डिसेंबरच्या प्री-बोर्डात तीबी अशीच पळाली होती. आज पळाली तं प्रॅक्टिकलात शून्य, अन् बारावी फेल.

"बीस मिनट बचे हैं," परीक्षक म्हणाले.

काम तसं साधं. वरच्या काचेच्या नळीतून जांभळी दवाई, विहिरीत टाकतात ना तेच, खालच्या चंबूत थेंबथेंब सोडायची. चंबू हलवत राहायचा. फिकट गुलाबी रंग आला का तोटी बंद. एक थेंब जास्त झाला का सारं बिघडलं.

प्रयोगशाळेची विमलाबाई बाजूले काचा पुसून राहिली होती. तशीच हळूच बोलली, "काहून उभी आहे वं पोट्टी?"

"मौसी, हाथ नहीं रुक रहे."

"अन् रोकाले कोणं सांगतलं? सालभर सर ओरडून राहिले, हलवा, चंबू हलवा! तुहा तं फुकटात हलते."

शर्मिष्ठानं हात काढले. उजव्यात चंबू धरला. तो असा घुमला, का आतल्या पाण्याले चक्कर आली. डावा हात तोटीवर. तोही कापे, म्हणून तोटी पुरी उघडेच ना. एक थेंब. मंग अजून एक. नाकावरून घाम गळत होता. तिनं दाराकडं पाह्यलं नाई.

आजूबाजूच्या साऱ्या चंबूंत गडद जांभळं झालं. हिच्या चंबूत जलमल्या लेकराच्या टाचेवानी गुलाबी.

परीक्षकांनी चंबू खिडकीजवळ धरला. उजेडात फिरवून पाह्यला.

"वाह! ऐसे हिलाना किसने सिखाया?"

"अपने आप होता है, सर."

विमलाबाईनं तोंडात पदर कोंबला. परीक्षकांनी कागदावर मार्क लिहिले, अन् त्याच घडीले, लाइट गेल्यावर पंखा थांबते ना, तसे शर्मिष्ठाचे हात थांबले.

आता एक दात हलून राहिला, म्हणून सांगूनच टाकतो. ते हात थांबल्याचं मी मनानं लावलं. पाल पडली ते खरं, पण हात काही थांबले नाईत. कापत्या हातांनीच तिनं चंबू धुतला, पालथा ठेवला, अन् पाल गेली त्याच दारातून बाहेर निघाली.

चालत.