हसरी नवरी

गूगलवर आपले फोटो वर यावेत म्हणून फोटोग्राफर ललित वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोला वर्णन जोडायचा. देवळाली कॅम्पच्या वेदिकाच्या लग्नाचे फोटो टाकताना त्याने घाईघाईत सगळ्यांना एकच ओळ चिकटवली: 'हसरी नवरी, नाशिक'. लोक तेच शोधतात.

काही दिवसांनी वेदिकाच्या वडिलांचा फोन आला.

"मला दिसत नाही, तुम्हाला माहीतच आहे. माझा मोबाईल मला फोटोंची वर्णनं वाचून दाखवतो. पोरगी फोनवर 'बरी आहे' म्हणते, पण तिचा आवाज काही बरा वाटत नाही. फोटोत ती खरंच हसतेय ना हो?"

ललितने पहिल्यांदाच एकेक फोटो नीट पाहिला. सगळे पाहून झाल्यावर त्याने फोन पुन्हा कानाला लावला.

 

"काका, तुम्ही आजच तिच्याकडे जाऊन या."