ग्राफिक्स कार्डावरची बस

बस पुन्हा चौकाच्या मधोमध थिजली. म्हणजे इंजिन घुरघुरत होतं, हॉर्न वाजत होता, फक्त चौक जागचा हलत नव्हता. मग एकदम उडी मारून ती पुढच्या स्टॉपच्याही पलीकडे जाऊन उभी राहिली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली : फेरीला उशीर. आणखी एक उशीर झाल्यास चालकास कामावरून काढण्यात येईल.

कालच भरती झालेल्या साहेबाकडे बघावं तसं निवृत्त ड्रायव्हरने लॅपटॉपकडे बघितलं.

"उभ्या नोकरीत एक लाल शेरा नाही," तो म्हणाला. "आणि हा डबा मला काढणार?"

"खेळ आहे हो तो," बायको आतून म्हणाली.

"परवा मोबाइलवर गोळ्या जुळवताना तू हरलीस, तेव्हा नव्हता का खेळ? दोन दिवस तोंड फुगवून बसली होतीस."

आतून भांड्यांचा आवाज वाढला.

सुनेने खुर्ची ओढली. ती घरांचे नकाशे काढायची आणि हा लॅपटॉप तिचाच जुना, त्यामुळे त्याच्या खोड्या तिला पाठ होत्या. "बाबा, यात चित्रं काढणारे दोघं आहेत. एक बारका, एक दांडगा. बारका वीज कमी खातो, म्हणून लॅपटॉप सगळं काम त्याच्या गळ्यात मारतो. दांडगा झोपून असतो. तो दांडगा म्हणजे ग्राफिक्स कार्ड."

"किंमत कोणाची जास्त?"

"दांडग्याची."

"मग बरोबर आहे. आमच्या डेपोतही असंच होतं."

सुनेने सेटिंग उघडलं. यादीत बसचा खेळ शोधला. कोणी चित्रं काढायची हे लॅपटॉपने ठरवावं असं तिथे होतं, ते बदलून 'हाय परफॉर्मन्स' केलं. मग स्वतः एक चक्कर मारून दाखवली. रस्त्याला नुकतंच तेल चोपडल्यासारखी बस सुळकन गेली.

"उठला दांडगा. बसा आता."

ड्रायव्हर बसला. कॉलर सारखी केली. डोक्यावरचा, तिथे नसलेला आरसा नीट केला, कारण मधे सून बसून गेली होती. मग वाकून चार्जरची पिन उपटली, वायरची व्यवस्थित गुंडाळी करून खणात ठेवली आणि बस सुरू केली.

डेपोच्या फाटकातच बस थिजली. सुनेने चटकन फेरी थांबवली.

"बाबा, चार्जर का काढलात?"

"डिझेल भरून झालं ना."

"अहो, पण..."

"सूनबाई, पंपाची नळी टाकीत तशीच ठेवून गाडी रस्त्यावर काढणारा एक ड्रायव्हर दाखव मला. पंपासकट जाईल मेला."

सुनेकडे उत्तर होतं. चार्जर काढला की लॅपटॉप काटकसरीवर येतो आणि दांडग्याला परत झोपवतो. पण या माणसाशी वाद घालून घरात अजून कोणी जिंकलेलं नव्हतं. तिने दुसरा रस्ता धरला.

"ही डिझेलची नाहीच, बाबा. विजेची आहे. वरच्या तारेवर चालणारी बस असते ना, तसली."

ड्रायव्हरने विचार केला. तारेवरच्या बसची गोष्ट वेगळी. तार सुटली की ती जागच्या जागी उभी.

"हे आधी नाही सांगायचं? मी आपला डिझेलसारखी हाणतोय."

त्याने खणातून वायर काढली, पण सरळ लावली नाही. तार वरून यायला हवी. त्याने स्टूल आणलं आणि वायर खिडकीच्या पडद्याच्या दांडीवरून घ्यायला लागला.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, पडदा!"

"गाडी विजेची आहे," तो वरून म्हणाला.

बायकोने सुनेकडे बघितलं. सुनेने मुकाट्याने स्टूल धरलं.

वायर वरून लोंबत लॅपटॉपला जोडली गेली. "आता माणसंही चालू करते," सून म्हणाली. "इतके दिवस बंद होती. बारक्याला झेपत नव्हती."

"कुठली माणसं?"

"प्रवासी."

"असं होय," ड्रायव्हर म्हणाला. "मला वाटलं, आपल्या बसला कोणी येतच नाही."

बस निघाली. चौक मागे पडला. पहिल्या स्टॉपवर जांभई देणारी बाई होती, झोपलेलं बाळ होतं, उगाचच रागावलेले एक आजोबा होते. ड्रायव्हरने प्रत्येकाचा चेहरा बघून घेतला. बस कुठे अडखळली नाही, कुठे उडाली नाही. शेवटून दुसऱ्या स्टॉपवर त्याने दार लावलं तेव्हा खेळातलं फेरीचं घड्याळ अजून हिरवं होतं.

"जमलं, बाबा!"

एवढ्यात बाजूच्या आरशात एक माणूस दिसला. पोट सुटलेला, बगलेत फाइल, एक हात वर करून बसमागे पळत येणारा. पळण्याची सवय मोडलेली स्पष्ट दिसत होती.

ड्रायव्हरने दार उघडलं.

"बाबा, निघा! काढतील तुम्हाला!"

"तो पळतोय ना."

"तो खोटा आहे, बाबा."

"पळतोय तर खरा."

घड्याळ पिवळं झालं, मग लाल. तो माणूस अर्ध्या वाटेतच थांबला आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागला. कपाळावरचा घामसुद्धा दिसत होता. लॅपटॉपच्या पडद्याच्या कडेने लाल अक्षरं सरकत आत येऊ लागली.

ड्रायव्हरने हॅन्डब्रेक ओढला, पाठ टेकली आणि त्या माणसाला हाताने खूण केली : सावकाश.