एकच ताट

पितळी ताट, काठाला पोचा आलेलं. बेबाबाई ते चिंचेने घासायची.

आखाजीच्या सणाला माहेरी गेली की आठ दिवसांत तिच्या अंगावर मांस चढायचं.

घरात मांजर कायम. एक मेलं की दुसरं.

जीवरामनाना जळगावला मुक्कामी राहिले की बेबाबाईला उपास.

भूपेंद्रच्या लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा नाही.

हे सगळं ऋतिकाच्या मोबाइलमध्ये होतं. आज आजीचं, बेबाबाईचं वर्षश्राद्ध. संध्याकाळी सगळ्यांना दाखवायला ती घरातल्या एकेकाला समोर बसवून विचारत होती, आजीचं काय आठवतं. शेवटचं वाक्य तिच्या आईचं, मंदाबाईचं. कुणी न विचारताच तिने ते मध्ये घातलं होतं. भूपेंद्र म्हणजे ऋतिकाचा भाऊ. तेवढं कापायचं ठरवून ती आजोबांकडे वळली.

"नाना, तुम्ही बोला."

नाना ओट्यावरच्या खाटेवर बसले होते. "काय बोलू? लक्ष्मी व्हती. पन्नास वर्सं माह्याच ताटात जेवली. मी उठलो का ती बसे. मी टाकलं तेवढंच खाय. भूक लागली म्हनून कधी पातेल्याले हात नही लावला."

"आणि तुम्ही कधी कुणाला वाढलं?"

नाना हसले. "जन्मात एकदा."

"आजीला?"

"ऋतिका, ताटं पुसाले ये," आतून मंदाबाईची हाक आली.

स्वयंपाकघरात भूपेंद्रची बायको पूनम वडे तळत होती. माहेर धुळ्याचं, देवपूरचं. लग्नाआधी तिथल्या शाळेत शिकवायची. आता मुक्ताईनगरजवळच्या या गावात केळीचे घड आणि सासूचे टोमणे मोजायची.

"आज भूपेंद्रच्या ताटात बसजो," मंदाबाई म्हणाली. "सगळ्या भाऊबंदांसमोर. माह्या सासूचं, अक्काचं पुण्य कोनीतरी पुढे न्याले पाह्यजे. मंग बघ, पाळणा हलते का नही."

"तुम्ही का नाही नेलं पुढे?"

"मले पोरं झाली बाई. मले गरज नही पडली. एरंडोलची ती सांगून आलेली पोरगी केली असती तर तुलेही नसती पडली."

पूनमने झारा खाली ठेवला आणि मागच्या दाराशी भूपेंद्रला गाठलं.

"सगळ्यांसमोर मला उष्टं खायला लावलं, तर मी आजच धुळ्याची गाडी धरीन."

"दोन घास, पूनम. एक दिवस."

"आजीचाही पहिला एकच दिवस असेल."

भूपेंद्र पायाने माती उकरत राहिला.

आजी गेली त्याच्या आदल्या महिन्यातली गोष्ट. तिने पूनमचं मनगट धरलं होतं. त्या हाडकुळ्या बोटांत एवढी ताकद असेल असं पूनमला वाटलं नव्हतं.

"माह्यं बाकी काहीच ऐकू नको. नोकरी कर, डोक्यावर पदर नको घेऊ. पन जेवजो त्याच्या ताटात. तो जेवल्यावर."

"का पण, अक्का?"

"मी एवढी वर्सं जगली, ते त्याच्यावरच."

पुढे काही बोलणार तोच नाना दारात आले आणि आजीने तोंडावर पदर ओढला. पूनमला तेव्हा तिची कीव आली होती. थोडा रागही आला होता.

दुपारी पंगत उठली. भूपेंद्र हात धुवायला गेला. त्याच्या ताटात अर्धा वडा आणि वाटीच्या तळाशी खीर राहिली होती. मंदाबाईने ते ताट पायाने पूनमसमोर सरकवलं. भाऊबंदांच्या बायका वळून पाहू लागल्या. ऋतिकाने मोबाइल खाली घेतला.

"मला वेगळं ताट हवं," पूनम म्हणाली.

"काय म्हनली?"

"वेगळं ताट द्या. नाहीतर मी जाते."

मंदाबाई तोंड उघडणार तेवढ्यात ओट्यावरून नानांचा आवाज आला.

"कोनी जबरदस्ती नही करनार. शिकेल पोरगी हाये. तिले तिचं ताट पाह्यजे, ते भेटंल."

ते स्वतः उठले. कोठीत गेले, बराच वेळ काहीतरी हलवत राहिले आणि एक काळं पडलेलं पितळी ताट घेऊन आले. धोतराच्या सोग्याने त्यांनी ते पुसलं. काठावरची अक्षरं वर आली. पूनमने वाचली: सौ. द्वारका जीवराम.

"द्वारका कोण?"

"अक्काचंच असंल, लग्नातलं नाव," मंदाबाई म्हणाली. "तव्हा नावं बदलतच व्हते."

नाना ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"नाना, राहू द्या, मी वाढून घेते," पूनम म्हणाली.

"बस पोरी. मीच वाढतो."

बायकांमध्ये कुजबुज झाली. ऋतिकाने पुन्हा मोबाइल वर केला. आजीच्या वर्षश्राद्धात यापेक्षा चांगलं काही मिळणार नव्हतं. नाना ताट घेऊन बाहेर आले. खीर, दोन वडे, कढी, कडेला लिंबाची फोड. त्यांनी ते वाकून पूनमसमोर ठेवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. पूनमचे डोळे भरून आले. आजीला जे पन्नास वर्षांत जमलं नाही, ते आपल्याला एका वाक्यात जमलं, असं तिला वाटलं.

"पोटभर खाय," नाना म्हणाले.

तिने खिरीची वाटी तोंडाला लावली.

द्वारका ही जीवरामची पहिली बायको. लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. ती जेवता जेवता या ताटावर आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही, त्या दुपारी जीवरामने तिला स्वतःच्या हाताने वाढलं होतं.