कागदाला कुठला घाम

तिसऱ्यांदाही तेच झालं. गुलाबी रंगाच्या फवाऱ्यातून पाण्याचा थेंब उडाला आणि समोर बसलेल्या मुलीच्या नखावर पांढरट डाग पडला.

पार्लरवालीने एअरब्रश खाली ठेवला. खुर्च्यांवर थांबलेल्या बायका माना उंचावून बघत होत्या. एवढ्या जणींसमोर शोभा झाली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या हातालाच घाम फार आहे. रंग तरी कसा धरणार?"

मुलीने हात ओढणीखाली घेतले. उद्या तिच्या बोटात अंगठी पडायची होती.

"तरीच," शेजारी बसलेली आत्या म्हणाली. "लहानपणापासून हिच्या हातून पेले निसटतात. आता उद्या त्याच्या हातात हात कसा देशील, बाई?"

"नाही देणार," मुलगी पुटपुटली. रुमालाला तळवे पुसत ती आत्यामागून जिना उतरली.

पुढच्या बाईला बसवण्याआधी पार्लरवालीने फवारा कागदावर मारून पाहिला. कागदावरही तसाच डाग उमटला.

कागदाला कुठला घाम?

ती टेबलाखाली वाकली. हवेतलं पाणी अडवायला, एअरब्रशला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या नळीवर काचेची छोटी बाटली होती. ती पाण्याने गळ्यापर्यंत भरली होती. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आधी पाणी सोडायचं, मगच रंगाला हात लावायचा; अंघोळीसारखा रोजचा नेम समजा. नेम केव्हाच सुटला होता. गिऱ्हाइकं बसलीत, उद्या सोडू. तिने खालची चावी फिरवली तसं पाणी भळभळ तिच्या पायांवर आलं.

इतका वेळ त्या मुलीची बोटं तिच्याच बोटांत होती. ती ओली की कोरडी, एवढंही तिने पाहिलं नव्हतं.

ती तशीच अनवाणी खाली धावली. दोघी कोपऱ्यावर बससाठी उभ्या होत्या.

"आत्या, आधी तुम्ही ऐका," तिला धाप लागली होती. "दोष हिच्या हाताचा नाही. पाणी माझ्या मशीनमध्ये होतं. मीच काढलं नव्हतं." मग तिने मुलीचा हात धरला. "वर चला. तिथल्या सगळ्यांनाही सांगते."

मुलगी धरलेल्या हाताकडे बघत होती. तिने तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातातला चुरगळलेला रुमाल तेवढा पुढे केला.

"घ्या ताई," ती हळूच म्हणाली, "तुमच्या हाताला घाम आलाय."