ओलं गोंदण

अल्पेशने हात कोपरापर्यंत बादलीत बुडवला होता. पाणी नळाचं असतं तर त्याची आई कमळ काही बोलली नसती. पण तळाशी वाळू बसली होती आणि वर शेवाळाचा तुकडा तरंगत होता. म्हणजे पोरगा जेट्टीवरून समुद्राचं पाणी भरून आणून, भर उन्हात मागच्या पायरीवर बसून त्यात हात भिजवत होता.

त्या हातावर नवीन गोंदण होतं. 'आई'. नारळी पुनवेला बोरिवलीला जाऊन काढून आणलेलं. टॅटूवाल्याने बजावून सांगितलं होतं, खारं पाणी लागू द्यायचं नाही, ऊन नको, खपली धरली की खाजवायचं नाही, साध्या पाण्याने धुऊन मलम लावायचं. कोळ्याच्या पोराला खारं पाणी वर्ज्य म्हटल्यावर अख्खी गल्ली हसली होती. आणि मालाडच्या मासळीबाजारात जिच्या तोंडाला कुणी लागत नाही ती कमळ लेकाचा हात धरून दारोदार हिंडली होती. "वाच, काय लिवलंय ते," असं शेजारणींना दरडावत होती. तिला स्वतःला वाचता येत नाही. पण तेवढी दोन अक्षरं तिने आता कुठेही ओळखली असती.

ती अक्षरं आता सुजून वर आली होती. कडेने पू धरला होता.

"हात काढ," कमळ म्हणाली.

"ऱ्हाऊ दे."

"सडंल तो."

"सडू दे, आये. याच्यापायीच घरी ऱ्हायलो ना मी?"

काल चंदूचं दहावं झालं होतं. धाकटा लेक. पुनवेनंतरच्या पहिल्याच खेपेला अल्पेशच्या जागी तो बोटीवर गेला आणि खाडीच्या तोंडाशी बोट उलटली. बोट हाकणारा तांडेल आणि बाकीचे खलाशी पोहत काठाला लागले. चंदूला दुसऱ्या दिवशी लाटांनी आणून टाकलं.

दादा झोपलाय, त्याचा हात दुखतोय, म्हणून चंदू आपणहून गेला, असं अल्पेशने मनाशी धरलं होतं. भेटायला येईल त्यालाही तो तेच सांगायचा. कमळ शेजारी बसून ऐकायची आणि गप्प राहायची. बाई दुःखाने मुकी झाली, असं बायका आपसात बोलत होत्या.

ती त्याच्याजवळ पायरीवर टेकली. दोन्ही हातांनी धरून त्याचा हात तिने बादलीतून वर काढला. तापलेला होता. लोट्यातलं गोडं पाणी तिने त्याच्यावर सोडलं, पदराने टिपून घेतलं. अल्पेश दुसरीकडे बघत होता.

"त्यानं मला झोपू दिला म्हणून मी वाचलो," तो म्हणाला. "आन मी काय करत होतो? टॅटू सांभाळत होतो."

कमळने मलमाची नळी उघडली आणि तशीच धरून बसली. एक लेक समुद्राने नेला होता. बोललं तर दुसराही हातचा जाईल, याची तिला धास्ती होती. नाही बोललं तर हा तिच्या डोळ्यांदेखत असाच सडत जाणार होता. ती रोज रात्री बोलायचं ठरवायची आणि रोज सकाळी घाबरायची.

"तांडेल हाक मारत आलता ना," ती म्हणाली, "तवा मी जागी होते."

अल्पेशने मान वळवली.

"तुलाच बोलवत होता तो. तू गाढ झोपलेलास. मी चंदूला हलवला. म्हटलं, दादाचं गोंदण ओलं हाय, मीठ लागंल, फिसकटंल. आजच्या दिस तू जा." तिने नळीचं टोपण पायरीवर ठेवलं. "त्याला झोप आवरत नव्हती रे. चार वेळा हलवला त्याला. मी चाय ठेवते म्हणेपर्यंत गेलापण."

"तू उठवलास?"

"मीच. माजंच नाव होतं ना ते. खराब होऊ नये वाटलं."

शेजारच्या अंगणात कुणीतरी सुकट पाखडत होतं. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. कमळने मान खाली घातली. त्याने हात हिसकावून घेतला असता, तिला बोल लावले असते, उठून निघून गेला असता, तरी तिने ते सगळं गुमान सोसलं असतं. ती त्याचीच वाट बघत होती. पण हात तिच्या मांडीवर तसाच पडून राहिला, जड.

"मी ऱ्हायलास म्हणून नाय गेला तो," ती म्हणायला गेली आणि तिचं तिलाच ते धड जुळेना. तिने पुन्हा सुरुवात केली. "तू ऱ्हायलास म्हणून नाय गेला तो. मी धाडला. तू हात सडवू नको."

तिने बोटावर मलम घेतलं. पहिल्या अक्षरापाशी नेलं आणि तिथेच तिचं बोट अडलं. पुढे जाईना. या बाईने आयुष्यभर काटेवाल्या मासळीत हात घातला होता, आणि आता त्या दोन अक्षरांना शिवायला ती धजत नव्हती.

अल्पेशने दुसऱ्या हाताने तिचं बोट धरलं. लहान पोराला पाटीवर गिरवायला शिकवतात तसं त्याने ते हळूहळू फिरवलं, आधी पहिल्या अक्षरावरून, मग दुसऱ्यावरून. दुखलं तसे त्याचे ओठ आवळले गेले.

मग बोट न सोडता तो म्हणाला, "मला उठवायचं होतंस गं, आये."