दुधाची वाट

बनूबाई दुधाची लोटी घेऊन थेट बिल्डिंगच्या ऑफिसात शिरली आणि म्हणाली, माझ्या खोलीची चावी द्या, दूध उतू घालायचंय.

ऑफिसातला महेंद्र चक्रावला. दसऱ्याचा मुहूर्त, समोर उल्हासनगर कॅम्प तीनचं सिंधी जोडपं फ्लॅट बुक करायला बसलेलं. त्याने तिला खुर्ची दिली, जितेशशेठ येईपर्यंत थांबा म्हणाला. जितेशशेठ! बनूबाईला हसूच आलं. ह्या शेठचं नाक तिने पदराने पुसलं होतं.

जितेश तिच्या दिराचा मुलगा. त्याची आई बाळंतपणात गेली तेव्हा बनूबाईची जनी चार महिन्यांची होती. दूध एकापुरतंच. बनूबाईने जितेशला छातीशी घेतलं आणि जनीला तांदळाची पेज पाजली. अगं, पोटची पोर वाळतेय, असं शेजारणी सांगून दमल्या. बिनआईचं आहे ते, एवढंच ती म्हणायची. जनी जन्माची किरकोळ राहिली. आता कॅम्प तीनच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापते. जितेश मात्र बघत राहावं असा वाढला.

पालेगावातली जमीन दिराच्या नावावर. तो गेल्यावर जितेशने ती बिल्डरला दिली आणि स्वतः भागीदार झाला. बनूबाईचं घर, म्हशींचा गोठा, सगळं त्याच जमिनीवर होतं. पाडताना जितेश म्हणाला होता, काकी, तळमजल्याची एक खोली तुझी. तेव्हापासून दोन वर्षं मायलेकी भाड्याच्या पत्र्याखाली राहत होत्या. मग मागच्या महिन्यात त्याने सांगितलं, बिल्डिंगला दुधाचं नाव दिलंय, मिल्की वे, म्हणजे दुधाची वाट. झालं! बाई गावभर सांगत सुटली, पोराने दुधाची आठवण ठेवली. जनी तेवढी म्हणाली, वाटच लागली म्हण दुधाची. तिला बनूबाईने शिव्या घातल्या.

सिंधी बाईनेही नावाचंच विचारलं. महेंद्रला वाचनाची भारी हौस. तो रंगात आला. आभाळात पांढरा पट्टा दिसतो ना, आपली आकाशगंगा, तिचंच हे इंग्रजी नाव. मूळ गोष्ट ग्रीस देशातली. एक देवी झोपली होती. कुणीतरी परक्या बाईचं तान्हं पोर आणून तिच्या छातीला लावलं. ती जागी झाली, पोर आपलं नाही हे कळलं आणि तिने त्याला ढकलून दिलं. दूध आभाळभर सांडलं. ती ही दुधाची वाट.

नाव आपल्यावरून नाही हे बनूबाईला तेव्हा कळलं. पण त्याहून तिला त्या पोराचंच वाईट वाटलं.

"मेली कसली देवी ती," ती म्हणाली. "तान्ह्याला कोण ढकलतं?"

तेवढ्यात जितेश आला. लोटी बघून त्याचा चेहरा उतरला. काकीला बाजूला घेण्याइतकीही लाज त्याने बाळगली नाही, गिऱ्हाइकांसमोरच बोलला. तळमजल्यावर दुकानं काढलीत, वरचं सगळं विकायला ठेवलंय. बनूबाईने विचारलं, मग आम्ही मायलेकींनी जायचं कुठे?

"आता मी काय करू, काकी? कागदावर घरच्यांचीच नावं घेतलीत."

एवढं बोलून तो मोबाइल कानाला लावून आत गेला. जाता जाता महेंद्रला म्हणाला, हिला रिक्षात बसवून दे.

महेंद्र मान खाली घालून तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. म्हशी गेल्यापासून ती दूध विकत घेत होती. लोटीतलंही पिशवीचंच होतं. रिक्षात बसताना तिने ती दोन्ही हातांनी धरली. एक थेंब सांडू दिला नाही.

"तुझी ती देवी शानी होती रे बाबा," ती म्हणाली. "टायमावर जागी झाली."